दगडूभाईनं न उडवलेला बार

दगडू बाबालाल शिकलगार आणि त्याची बायको अमीनाबी यांच्यावर अन्याय झाला आहे. कुठे, तर कर्जत तालुक्यात, सीना नदीच्या काठच्या खडकवस्ती गावात. केव्हा, तर यंदा, एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, भर दुपारी, गुरं पाण्यावर गेलेली असताना. कुणी केला, तेही सांगणार आहे. पण क्रमानं सांगते. आधीच सांगितलं तर काही मंडळी अंक मिटून ठेवतील.

संपादकांचा निरोप होता की, 'तुमच्या कामातले अनुभव लिहा, पण दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं असू द्या.' मी बेचाळीस साली शाळेतून पळून पत्रकं लिहायला शिकले. तेव्हापासून मला लिहिण्याचा एकच प्रकार येतो. हलकं लिहिता येत नाही, आणि फुलकं तर गव्हाच्या टंचाईत खातासुद्धा येत नाही सध्या. तरी प्रयत्न करते.

माझं काम काय, हे आधी सांगायला हवं, कारण ते कुणालाच कळत नाही. माझ्या आईलाही कळत नाही. ती शेजारणीला सांगते, 'आमची पोर सरहद्दीवर भाषणं करते.' मी तालुक्याच्या शांतता समितीची प्रचारक आहे. सीनेच्या अलीकडे आपलं राज्य, पलीकडे हैदराबाद संस्थान. लोकांच्या तोंडात ती अजून 'मोगलाई'. दोन्ही काठांची भाषा एक, सोयरीक एक, बाजार एक. आणि गेलं वर्षभर दोन्ही काठांवर बंदुका. पलीकडे गढ्यांमधून सशस्त्र टोळ्या येऊन बसलेल्या. अलीकडे गावोगाव तरुणांची रक्षक दलं, हातात भाले, तलवारी, कुठे ठासणीची बंदूक. या दोघांच्या मधल्या गावांत हिंडायचं आणि ठिणगी पडू द्यायची नाही, हे माझं काम.

शिंप्याला शिवलेला सदरा दाखवता येतो. सुताराला खाट दाखवता येते. मी काय दाखवू? जे घडलं नाही ते? 'बघा, अमक्या गावात मंगळवारी कापाकापी झाली नाही,' असं सांगितलं की लोक म्हणतात, 'ती होणारच नव्हती.' आणि झाली की म्हणतात, 'शांतता समिती झोपली होती काय?'

या धंद्यात पुष्कळसा वेळ अफवेच्या मागे पायपीट करण्यात जातो. अफवा मैदानातून खोडता येत नाही. 'तोफ आणलेली नाही' असं भोंग्यातून ओरडलं की ज्याला तोफेचं ठाऊक नव्हतं त्यालाही ठाऊक होतं. ती उलटी चालत जाऊन पकडायची. तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? तू स्वतः पाहिलंस का? उन्हाळ्यात कर्जतच्या बाजारात गाजलं की पलीकडे तोफ आली, बैलगाडीवरून, ताडपत्रीखाली झाकून. रक्षक दलाची पोरं नदी ओलांडायला निघालीच होती. मी माणसामागून माणूस विचारत अखेर एका धनगर म्हातारीपर्यंत पोचले. तिनं खरोखर पाहिलं होतं. "लोखांडाची हुती गं, गोल. दोन बैलास्नी ओढवत नव्हती." मी त्या गाडीच्या चाकोरीवरून गेले, तर ती तोफ म्हणजे उसाचा चरक! आपल्याच काठच्या एका गुऱ्हाळवाल्यानं पलीकडच्या मेव्हण्याला दिलेला. ताडपत्री का झाकली म्हणून विचारलं, तर म्हणतो, "नवा रंग दिलाय बाई. उन्हानं उडंल."

यावर हसा. मीही हसले होते, घरी आल्यावर. वाटेत मात्र हसू आलं नव्हतं. कारण चरकासाठी माणसं मेली असती, आणि मेल्यावर चरकाची तोफच राहिली असती.

पत्रकांचा उपयोग फार नाही, हेही कबूल करते. लोक ती वाचतात, चांगलं लिहिलंय म्हणतात आणि त्यात तंबाखू बांधतात. खरी बातमी नदीवर कळते, धुणं धुताना. दोन्ही काठांच्या बायका तिथं येतात, पाण्याच्या दोन बाजूंना बसतात, आणि मोठ्यानं बोलतात. कुठल्या घरानं दाणे पुरले, कुणी लेकीला माहेरी धाडलं, कुणाकडे विस्तव मागायला जायचं बंद झालं. गाव बिघडायला लागलं की पहिल्यांदा विस्तव मागणं बंद होतं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, अमीनाबीनं शिकवलं.

खडकवस्तीत मी उतरायची ती तिच्याच घरी. गावातलं एकुलतं एक शिकलगाराचं घर. दगडूभाई विळे, कोयते, वस्तरे, नांगराचे फाळ, सगळ्यांना धार लावायचा. त्याचं सहाणेचं चाक पायानं फिरायचं आणि त्याची जीभ त्याच्यापेक्षा जोरात. रक्षक दलाची पोरं तलवारी घेऊन आली की म्हणायचा, "लावतो की धार. पर बाबा, लई धार लावली तर पयली म्यानच कापती." पोरं हसायची. तेव्हा हसायची.

याच घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उखळीचा मान होता. शहरी वाचकांसाठी सांगते: उखळी म्हणजे वीतभर व्यासाचं जाड लोखंडी नळकांडं. जमिनीत रोवायचं, त्यात दारू ठासायची, वरून मातीचा बोळा दाबायचा आणि वात पेटवून दूर पळायचं. गोळा नसतो, नुसता आवाज. पण आवाज असा की तीन गावं ऐकतात. जत्रेत आणि पोळ्याला बार उडतो. पोळ्याला संध्याकाळी वेशीत मानाचा बैल तोरणाखालून गेला की शिकलगारानं बत्ती द्यायची. त्याशिवाय पोळा झाला असं कुणी मानत नाही.

आता माझी झोप का उडाली ते कळेल. पलीकडे बरोबर समोर पिंपळदरे. तिथल्या गढीत टोळी येऊन बसलेली. आणि श्रावण सरत आलेला.

मी पाटलांकडे गेले. रंगराव पाटील म्हणजे भला माणूस. भला म्हणजे कुणाला वाईट वाटेल असं न बोलणारा, आणि त्यामुळे कधी काहीच न बोलणारा. त्यांचा पुतण्या बापू मात्र बोलणारा. रक्षक दलाचा म्होरक्या. पिळदार मिशी, खांद्याला ठासणीची बंदूक, कंबरेला दारूची पिशवी.

मी म्हटलं, "पाटील, यंदा बार नको. पलीकडे बंदुकीचा आवाज वाटेल."

बापू म्हणाला, "वाटू द्या की. आमी काय बांगड्या भरल्यात?"

"बांगड्या मी भरल्यात," मी म्हटलं, "आणि गोळीबार होईल तेव्हा पाणवठ्यावर बांगड्यावाल्याच असतील. तू बंदूक घेऊन आपल्या गावच्या गढीच्या बुरुजावर असशील."

पाटील घसा खाकरून म्हणाले, "ताई, बार न्हाई तर पोळा न्हाई. सण मोडला तर गावाचं कसं व्हायचं?"

त्यांचंही खरं होतं. सण मोडणं म्हणजे आम्ही घाबरलो असं दोन्ही काठांना सांगणं, आणि घाबरलेलं गाव फार धोक्याचं. मग तोडगा दगडूभाईनंच काढला. बार एकच, संध्याकाळी, वेशीत, आणि आधी हलगी वाजवायची. पलीकडे आगाऊ सांगून ठेवायचं. आणि सकाळी जोडडोहावर दोन्ही गावांची बैलं दरवर्षीसारखी एकत्र धुवायची. नदीच्या मधोमध मोठा डोह आहे. पोळ्याच्या सकाळी दोन्ही काठांची बैलं त्यातच धुतात, हा जुना रिवाज. "बैलं एका पान्यात उभी असली," दगडूभाई म्हणाला, "की मानसाला जरा लाज वाटती."

पलीकडे सांगायचं कसं? गंगाराम आबा हा पिंपळदऱ्याचा म्हातारा शेतकरी. त्याच्या सुनेनं धुणं आपटत आपटत ऐकलं आणि धुणं पिळत पिळत होकार आणला. टोळीच्या म्होरक्याला आबानं जाऊन सांगितलं: संध्याकाळी एक बार होईल, तो सणाचा आहे. तो म्हणे हो म्हणाला. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा तह होत नाही. त्यावर सही नसते, शिक्का नसतो, आणि तो दुपारपर्यंत टिकला तरी देवाचे आभार.

पोळ्याच्या सकाळी डोह बैलांनी भरला होता. मी अलीकडच्या खडकावर उभी होते. दगडूभाई गुडघाभर पाण्यात उभा राहून शिंगं साळत होता. पोळ्याला शिंगांना हिंगूळ लावायच्या आधी ती तासून गुळगुळीत करतात, आणि त्याच्या हाताची सर कुणाला नव्हती. एक बैल अलीकडचा, एक पलीकडचा, असं चाललेलं. गंगाराम आबा आपली खोंडं धरून रांगेत.

"दगड्या, माज्या खोंडाचं कवा व्हायचं? का मोगलाईची शिंगं कडक लागत्यात?"

"आबा, शिंगं मऊ हायेत. धनी कडक हाय. गेल्या साली दिलेली भाकर पन कुऱ्हाडीनं फोडावी लागली."

पाण्यात दोन्हीकडून हसू फुटलं. आणि तेवढ्यात बार झाला.

एकच. आणि माणसांनी माना वर करायच्या आत त्याचा पडसाद.

आमच्या मागून, गावाच्या गढीकडून. सकाळी. हलगीशिवाय. बैल उधळले. दोरखंडं हातातून सुटली, एक म्हातारा पाण्याखाली जाऊन वर आला. मी वळून पाहिलं तर बुरुजावर धूर आणि धुरात बापू आणि त्याचे दोन सोबती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. चावडीतली उखळी त्यांनी उचलून वर नेली होती. पलीकडच्यांची पळापळ बघायची होती त्यांना! मी पाहिलं. पाटलांनी पाहिलं, ते माझ्या शेजारीच होते. बाकीच्यांचं लक्ष बैलांकडे आणि समोर होतं, कारण समोर पिंपळदऱ्याच्या गढीतून बंदूकवाले धावत उतरत होते.

ते काठावर आले आणि त्यांनी बंदुका रोखल्या. रोखल्या, पण झाडल्या नाहीत. डोहात त्यांच्याच गावची बैलं, त्यांच्याच गावची माणसं आमच्यात मिसळलेली. कुणाला मारायचं? तेवढी एक अडचण होती त्यांची. तेवढ्यात जे काय व्हायचं ते व्हायला हवं होतं, आणि मी हातातला पत्र्याचा भोंगा उलटा धरून उभी होते.

दगडूभाईनं हातातला सुरा पाण्याबाहेर खडकावर टाकला, सगळ्यांना खणकन ऐकू जाईल असा. दोन्ही हात वर केले आणि बैलांच्या मधून पलीकडे चालू लागला. पाणी त्याच्या छातीला लागलं तरी हात वरच.

"किसने मारा?" म्होरक्या ओरडला.

"मैच मारा, साब." दगडूभाईचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू आला. "पोले का बार हय. बैलां का तेवार हय."

"शाम का बोले थे!"

"गलती हुई साब. दारू गीली हुई क्या देखने गया था, बत्ती सुलगती रह गई. मेरी गलती."

म्होरक्यानं त्याच्या खांद्यावर बंदुकीचा दस्ता मारला. तो पाण्यात बसला आणि परत उठला. गंगाराम आबा आपल्या खोंडांसकट त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, ह्येच बार उडवतो. ह्याचा बा उडवायचा, त्याचा बा उडवायचा. सवाल गावाला नगं, मला करा."

म्होरक्या म्हणाला की आता आणखी एक आवाज झाला तर खडकवस्ती शिल्लक राहणार नाही. आणि वर गेला. बंदुका गेल्या. डोहात फक्त बैलांचं फुरफुरणं उरलं. दगडूभाई परत आला, सुरा उचलला, आणि आबाच्या खोंडाचं राहिलेलं शिंग साळायला लागला. डाव्या हातानं, कारण उजवा वर जात नव्हता.

मला वाटलं, आता गाव याला खांद्यावर घेऊन नाचेल. मी एवढी वर्षं गावं हिंडते, तरी मला असं वाटलं!

संध्याकाळी तोरण बाराशिवाय तुटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चावडीवर लोक जमले. बापूच पुढे.

"त्यानं सोता कबूल केलं का न्हाई, सगळ्या गावानं ऐकलं. सकाळी लांब वात लावून, पान्यात येऊन उभा ऱ्हाऊन बार का उडवला? टोळीला खूण हुती ती! त्यांच्या भाषेत बोलला. त्यांनी एक दस्ता मारून सोडला. आपल्यातला कोन गेला असता तर सोडला असता?"

आणि लोकांना ते पटलं. का पटू नये? त्यांनी कानांनी ऐकलं होतं, 'मैच मारा'. माझा नेहमीचा प्रश्न, तू स्वतः पाहिलंस का, इथे लुळा पडला. त्याला कबूल करताना सगळ्यांनी स्वतः पाहिलं होतं.

मी दगडूभाईकडे पाहिलं. बोल ना, म्हणून. तो चावडीच्या पायरीवर खाली मान घालून बसला होता. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही. आणि मला कळलं. खरं बोललं तर संध्याकाळच्या आत नदीपलीकडे पोचणार, धुण्याच्या बायकांतून, मीच बांधलेल्या वाटेनं. बार रक्षक दलानं उडवला, शिकलगार खोटं बोलला. मग टोळी रात्रीचीही वाट बघणार नाही. ज्या खोट्यानं गाव वाचलं ते खोटं जिवंत ठेवायला हवं होतं, आणि त्याचं ओझं ज्याच्या डोक्यावर होतं त्यानंच ते खाली ठेवायला नकार दिला.

पाटील माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, गप ऱ्हावा. गावाचा जीव हाय." ते खरं होतं. पण त्यांच्या आवाजात पुतण्याचाही जीव होता, तोही मला ऐकू आला.

दुपारीच त्यांना गावाबाहेर काढलं. सहाणेचं चाक एका बाईनं पदराआडून दिलेल्या शिव्यांसकट गाडीत टाकलं. भाता फाडला. घराचं दार बिजागऱ्यांसकट उचकटून नेलं. शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात म्हणून आपण केवढं कौतुक सांगतो! खडकवस्तीतही आता एका घराला दार नाही. तिथे कुणी दर्शनाला जात नाही.

मी गाडीबरोबर शिवेपर्यंत गेले. शिवेवर उतरून अमीनाबी मला म्हणाली, "पोरी, तू आता माघारी जा. विस्तवाचं ध्यान ठेव." एवढंच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत फौजा हैदराबादेत शिरल्या. टोळ्या पांगल्या, गढ्या रिकाम्या झाल्या. तुम्ही पेढे वाटले, मीही खाल्ले. सगळे मला म्हणू लागले, 'चला, तुमचं काम संपलं.' संपलं? भीती फक्त काठ बदलून बसली आहे. पूर्वी रात्री दिवे आपण मालवत होतो. आता पलीकडची मुसलमान घरं दिवे मालवून ज्वारीत लपून बसतात. आणि पलीकडे जाऊन 'हिशेब चुकता' करायची भाषा आपल्या काठावर चालली आहे. गेल्या बाजारी मी जामखेडच्या वाटेवर एका उपाहारगृहाच्या बाकावर बसले होते. शेजारचे दोघे बोलत होते, लुटीला गाड्या किती मिळतील, कुठल्या गावातली मुसलमानांची घरं सधन आहेत. एकानं विचारलं, "पर त्यांनी काय केलंय?"

दुसरा म्हणाला, "काय केलंय? खडकवस्तीत ऐन पोळ्याला त्यांच्या मानसानं बार उडवून खूण दिली. सोता कबूल केलं. चार मानसं मेली."

मी म्हटलं, "कोण मेलं? नावं सांगा."

"तुमी कोन बाई?"

"मी तिथं होते. एक खोंडसुद्धा मेलं नाही."

तो हसला. "तुमी त्या शांततावाल्या. तुमी असंच म्हननार."

समजलं? जो बार दगडूभाईनं उडवला नाही, तो अजून उडतो आहे. गावोगाव. ज्याच्या जोरावर रक्तपात टळला त्याच खोट्याच्या जोरावर आता रक्तपात करायचा घाट आहे. मी पत्रक काढलं. त्यात तंबाखू बांधली गेली असेल.

मग मी श्रीरामपूरला गेले; दगडूभाई तिथं पोट भरायला गेल्याचं कळलं होतं. नगरहून गाडी पकडली, स्टेशनाबाहेरच्या बाजारात विचारत गेले. भिंतीच्या सावलीत चाक फिरत होतं. दगडूभाई ऊसतोडीचे कोयते लावत होता, डावखुरा झाल्यासारखा.

"आता टोळी नाही, दगडूभाई," मी म्हटलं. "आता खरं सांगायला काय हरकत? चला माझ्याबरोबर. तुम्ही सांगा."

त्यानं चाक थांबवलं. "म्या सांगू? म्या बोललो की लोक म्हंत्याल, आता फौज आली, आता पलटला. ताई, तवा म्या म्हनलो म्या मारला, तर समद्यांनी इस्वास धरला. आता म्हनलो न्हाई मारला, तर कोन धरंल? ज्यानं मारला त्यानं म्हनाया पायजे."

अमीनाबी मागच्या खोपटातून बाहेर आली. तिनं माझ्यासाठी चहा आणला होता, पण कप ठेवताना हिशेबही ठेवला. "वर्साला दोन बार उडवायचा मान व्हता ह्यांचा. न उडवलेल्या बाराचा मान मात्र जलमभराचा मिळाला. तुमच्या शांततेत माजी चूल गेली, बाई. गेली तर गेली. पर आता तिच्यावर दुसऱ्याची घरं पेटवत्यात म्हनं."

चहा गार झाला.

"परत याल का?" निघताना विचारलं.

"येतो की," दगडूभाई म्हणाला. "पर त्यो बार आदी माज्या डोक्यावरनं उतरवा. चोरावानी येनार न्हाई."

परतताना मी खडकवस्तीला उतरले. चावडीवर बापूचा सत्कार नुकताच झाला होता, 'सरहद्दीवरचा वीर' म्हणून. हार अजून खुंटीला लटकत होता. मी पाटलांना म्हटलं, "आता कुणाचा जीव आहे? आता तरी बोला."

ते म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं, ताई."

"गंगेला नाही मिळालं. जामखेडच्या वाटेवर मिळालं. मी ऐकून आलेय."

बापू भिंतीला टेकून उभा होता. मिशीवरून हात फिरवत होता, पण डोळे खाली. हळूच म्हणाला, "ताई, आमास्नी वाटलं नव्हतं. नुस्ती गंमत हुती." वीर होता तोवर मला त्याचा राग होता. त्या क्षणी मात्र तो तेवीस-चोवीस वर्षांचा, माझ्याच वयाचा, घाबरलेला माणूस दिसला. म्हणूनच मी त्याला सोडणार नाही. घाबरलेल्या माणसाला खरं बोलता येतं. हार घातलेल्याला येत नाही.

तर संपादकांनी मागितलेला गमतीदार अनुभव हा. यात गंमत होती, असं बापूच म्हणाला आहे.

हा अंक तुमच्या चावडीवर येतो, बापू. पाटील, तुमच्या घरीही येतो. कार्तिकी पौर्णिमेला खडकवस्तीची जत्रा आहे, दोन्ही काठांचे लोक येणार आहेत, आणि उखळीला बत्ती द्यायला हात नाही. त्या दिवशी, भर लोकांत, हलगी थांबवून, तुम्ही चावडीच्या पायरीवर उभे राहा आणि म्हणा, 'पोळ्याचा बार आम्ही उडवला. शिकलगारानं आमच्यासाठी स्वतःवर घेतला.' मग ते दार खांद्यावर घ्या, त्याच्या घराला बसवा आणि श्रीरामपूरला गाडी जुंपून जा.

आणि तुम्ही, ज्यांचा खडकवस्तीशी काही संबंध नाही, जे फराळ करत करत हे वाचत आहात. तुम्हीही ही गोष्ट कुठेतरी ऐकली आहे. 'त्यांच्या माणसानं खूण दिली.' आणि तुम्ही मान डोलावली आहे. ज्या माणसाकडून ती ऐकलीत, त्याच्याकडे आज जा. उद्या नको, उद्या गाड्या जुंपतील. जा आणि त्याच्या तोंडावर सांगा की बार दगडूभाईनं उडवला नव्हता.